धाकूमामाची निळी जाळी

धाकूमामा माझ्या खानावळीत एक दिवस सोडला तर कधी पुढच्या दारानं आला नाही. मी चुलीपुढची फरशी पुसून नुकती उभी राहिलेली असायची, की हा मागच्या दारानं चिखलाचे पाय घेऊन हजर. डोक्यावरची मासळीची पाटी खाली ठेवायचा आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणायचा, "बोल बाय, बोल. तुझ्या शिव्या खाल्ल्याबिगर मला न्याहारी जात न्हाई." मग मी बोलायची. गणेशगुडीत खानावळ चालवायची तर तोंड पाहिजेच, नाहीतर गिऱ्हाईक भाजीत मीठ कमी म्हणून ताट परत करतं आणि वर भाकरी जास्तीची मागतं.

मासळी सुपा गावच्या धरणातली. कटला, मरळ, कधी नशिबात असेल तर नदीचा जुना मासा. धरणाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या कडेनं त्याची वाडी. मूळ गाव पाण्याखाली गेलं तेव्हा बाकीचे लोक रामनगरकडं उठून गेले, पण ह्याचा बाप हलला नाही. पाणी चढत आलं तसा तो डोंगरात वर सरकत गेला आणि जिथं पाणी थांबलं तिथं त्यानं खोपट बांधलं. भाताची खाचरं गेली. आधी नदीत जाळं टाकणं म्हणजे पावसाळ्यातली मौज होती, आता तोच पोटाचा धंदा झाला. धाकूमामा तेव्हा नुकता मिसरूड फुटलेला. त्या दिवसापासून त्याच्या हातातून जाळं विणायची बांबूची सुई सुटली नाही असं म्हटलं तरी चालेल.

सुटली नाही म्हणजे खरंच सुटली नाही. बसमध्ये विणायचा, ग्रामसभेत विणायचा, कुणाच्या मयताला गेला तर ओसरीच्या टोकाला बसून विणायचा. काम थांबलं की सुई कानावर, विडी ठेवतात तशी. भाचीच्या लग्नात एका हातात अक्षता आणि मांडीवर जाळं घेऊन बसला होता. नवऱ्याकडच्यांना अपमान वाटला. त्यांचा एक म्हातारा तरातरा आला, म्हणाला, "पाव्हणं, हे काय चाललंय?" धाकूमामानं मान वर न करता सांगितलं, "हात रिकामं ऱ्हायलं की मला झोप लागतीया. मांडवात घोरू काय मग?" मांडव हसला. त्या म्हाताऱ्याला पुढं त्यानंच एक जाळं विणून दिलं.

गाठ मारली की उरलेलं टोक तो दातानं तोडायचा आणि पाण्यात थुंकायचा. घरी विणत असला तरी टोकं गोळा करून सकाळी पाण्यात नेऊन सोडायचा. जमिनीवर टाकायची नाहीत, केरात जाऊ द्यायची नाहीत, चुलीत तर नाहीच नाही. जाळं पाण्याचं, त्याचं नखसुद्धा पाण्यालाच जायचं. बापानं असंच केलं, आज्ज्यानं असंच केलं. होडीतून जाळं फेकताना तो हळूच म्हणायचा, "आई, घेतो गं." आणि टोक थुंकताना म्हणायचा, "आई, घे गं." घ्यायचं तेवढं द्यायचं, असा त्याचा साधा हिशेब.

दोऱ्याचा मात्र त्याला भारी माज. मेव्हणा गोव्याला बंदरावर कामाला होता, तो नायलॉनच्या निळ्या दोऱ्याच्या गुंड्या आणून द्यायचा. बाजारातली तयार जाळी पांढरी नाहीतर हिरवी. धाकूमामा त्यांना हात लावायचा नाही. "पांढरं माशाला लांबून दिसतंय. हिरवं आपलं कसंतरीच. निळं म्हंजी पाण्यात पाणी!" असं म्हणून दोरा उन्हात धरून दाखवायचा, जसा काही रेशमाचा शालू. शेजारपाजारच्या वाड्यांनाही तोच जाळी विणून द्यायचा. म्हणजे धरणावर निळं जाळं दिसलं की ते धाकूमामाच्या हातचं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आणि हाच माणूस प्लास्टिकचा कट्टर वैरी! आता सांगितलं तर कुणाला पटायचं नाही. धरणाच्या कडेला फिरायला येणारी मंडळी बाटल्या, कुरकुऱ्यांच्या पिशव्या, चहाचे कप टाकून जायची. हा ते सगळं पाटीत भरून माझ्याकडं आणायचा. एकदा रविवारी खानावळ भरलेली, राफ्टिंगवाली मंडळी जेवतायत, आणि हा पुढच्या दारानं आला. पहिल्यांदाच. टेबलाटेबलावर चिखलानं भरलेल्या बाटल्या मांडत गेला. "तुमचं इसरलं व्हय धरणावर? घ्या, आणलंया." एक गॉगलवाला उठला, म्हणाला, "आमच्याच कशावरून?" धाकूमामा म्हणाला, "मग माझ्या आज्ज्याच्या हाईत काय? त्यो पत्रावळीवर जेवून मेला." सगळं टेबल जेवण टाकून निघून गेलं. मी त्याला झाडूनं मारायचंच बाकी ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी मागच्या दारानं ही मोठी मरळ ठेवून न बोलता गेला. मी त्या मरळीचं कालवण डब्यात भरून परसूबरोबर त्याच्या घरी पाठवलं. परसू त्याचा मुलगा, बापाच्या हाताखाली होडी वल्हवणारा, बापापेक्षा निम्मं बोलणारा.

त्यांच्याकडं जाळं फाटून दुरुस्तीपलीकडं गेलं की ते 'पोचवतात'. माणसाला पोचवतात तोच शब्द. पावसाळा तोंडावर आला की म्हातारी जाळी घडी करून, आत एक दगड, मूठभर तांदूळ, नारळाची शकलं आणि फुलं बांधून होडीतून नेतात आणि बुडालेल्या गावच्या देवीच्या थळावर, म्हणजे जिथं खाली तिची शिळा आहे त्या जागी, पाण्यात सोडतात. पूर्वी नदीच्या डोहात सोडायचे. तेव्हाची जाळी अंबाडीच्या वाखाची, ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळलेली. एका पावसाळ्यात पाण्यात मिळून जायची. मी एकदा ही पोचवणी पाहिली. धाकूमामानं जाळं दोन्ही हातांवर घेतलं होतं, तान्हं मूल घ्यावं तसं, आणि तोंडानं म्हणत होता, "लई राबलं गं ह्ये. आता तुझ्यापाशी निजू दे." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडलं होतं.

मग स्मिता आली. धारवाडकडची, कॉलेजात पाण्यावर काहीतरी शिकणारी, अंगानं काटकुळी पोरगी. माझ्या वरच्या खोलीत राहिली. तिला धरणात हिंडायला होडी पाहिजे होती, मी धाकूमामाला सांगितलं. तो तिला घेऊन पाणीभर फिरला. ती बारीक जाळीची पिशवी पाण्यातून ओढायची, बाटल्या भरायची, चिठ्ठ्या चिकटवायची. त्याला ते फार पसंत पडलं. मला म्हणायचा, "पोरगी जाळं ओढती, पर मासं नको म्हणती. येडी हाय, पर हात चांगला हाय तिचा." ती काय शोधते हे कळल्यावर तर त्याला जोरच चढला. पाण्यात डोळ्याला न दिसणारं प्लास्टिक असतं, ते माशांच्या पोटात जातं, माणसाच्या जातं, हे तिनं सांगितलं तेव्हा हा माझ्या चुलीपुढं येऊन गरजला, "आता सापडतील! गॉगलवालं समदं सापडतील!"

तिनं बारीक वस्तू मोठी करून दाखवणारी आपली ती दुर्बीण माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडली. त्याच्याच कटल्याचं पोट फाडून, धुऊन, गाळून काय उरलं ते काचेवर घेतलं. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. धाकूमामानं हात धुतले, देवळात जाताना धुतात तसे, आणि डोळा लावला. आधी हसला. "ह्ये पारदर्शक तुकडं म्हंजी बाटलीचं, व्हय? आणि ह्यो तांबडा?" स्मिता म्हणाली, "पिशवीचा असेल, मामा. कपडे धुतानाही धागे सुटतात. पण इथं जास्त करून निळे धागेच मिळतायत. पाण्यात, गाळात, माशांत, सगळीकडं."

तो बघतच राहिला. मग कानावरची सुई काढली, तिच्यावरचा दोरा ओढून दातानं टोक तोडलं, आणि थुंकायच्या ऐवजी हातात घेऊन तिच्यापुढं धरलं. "ह्ये लाव."

तिनं ते उसवून काचेवर ठेवलं. तिलाही तेव्हाच कळलं असावं, कारण तिचा आवाज मऊ झाला. "मामा, निळा दोरा बाजारात कुठंही मिळतो. दुसऱ्या कुणाचाही असेल."

"दुसरं कोन हाय धरणात निळं?" तो म्हणाला. "माझाच ह्यो. आयुष्यभर हाताखालनं गेलाय, वळखत न्हाई व्हय मी?"

मग त्यानं विचारलं, ह्यानं माणसाला काय होतं. तिनं सरळ सांगितलं की अजून नीट कुणाला माहीत नाही, शोध चाललाय, पण चांगलं काही होत नसावं. निदान खोटा धीर दिला नाही तिनं. तो उठला, पाटी डोक्यावर घेतली. मी चहा पुढं केला तर म्हणाला, "कुठल्या पाण्याचा हाय?" मी म्हटलं, "असं काय विचारतोस रे? नेहमीच्याच की!" चहा तसाच राहिला.

त्या दिवसापासून टोकं पाण्यात जायची थांबली. तो ती सदऱ्याच्या खिशात ठेवू लागला. खिसा फुगला की गोळा करून माझ्याकडं आणायचा. "चुलीत घालू नगंस हां, धूर पोराबाळांच्या छातीत बसंल. पुरू नगंस, पावसात वर येईल. ठेव नुसतं." "आणि कुठवर ठेवू?" मी विचारलं. तो म्हणाला, "त्ये कुणालाच म्हाईत न्हाई बाय." तुपाचा जुना डबा रिकामा होता, त्यात टाकत गेले.

पण टोकं म्हणजे काहीच नव्हे. खरं ओझं देवीच्या थळावर होतं. इतक्या वर्षांची जाळी, त्याची स्वतःची आणि साऱ्या वाड्यांची, त्यानंच विणलेली आणि त्यानंच नेऊन सोडलेली. ती बाहेर काढायची हा एकच ध्यास त्यानं घेतला. खोल पाण्यात बुडी मारून बघितली, परसूनं ओढून वर काढला म्हणून वाचला. आणि पुढच्याच वर्षी पावसानं दगा दिला. उन्हाळ्यात धरण आटत गेलं, इतकं की कुणी कधी पाहिलं नव्हतं. भाताच्या बांधांच्या ओळी वर आल्या, विहिरीचं तोंड वर आलं. लोक हळहळत होते आणि हा एकटा माणूस खुशीत. "आईनं वाट दिली," म्हणायचा.

थळ उघडं पडल्याची बातमी आली तशी रामनगरकडं गेलेली मंडळीही टेम्पो करून आली. नारळ, अगरबत्त्या, म्हाताऱ्या बायका, त्यांच्या डोळ्यांत इतक्या वर्षांनी माहेर बघायचं पाणी. मी खानावळ बंद करून गेले. भेगाळलेल्या चिखलातून चालत पुढं गेलो आणि सगळ्यांचे पाय थबकले.

देवीची शिळा दिसतच नव्हती. निळा ढिगारा, पुरुषभर उंच, गाळानं माखलेला, उन्हानं वरून पांढुरका पडलेला. आत माशांचे सांगाडे. एका बाजूला पाणमांजर अडकलेलं, त्याची हाडं आणि दात तेवढे उरलेले, तोंडात दोरा. शेजारी बहुधा त्याचं पिल्लू असावं, फार लहान हाडं होती. म्हाताऱ्या बायका रडायला लागल्या. धाकूमामा खाली बसला, पाणमांजराच्या दातातला दोरा सोडवायला गेला. त्याच्याच हातची गाठ होती ती. सुटणारी नव्हती.

"परसू, धर," तो म्हणाला, आणि दोघांनी ढिगाला हात घातला.

गावचा मानकरी आडवा आला. म्हातारा, चांगला माणूस, पोचवणीच्या वेळी गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा. "धाकू, दिल्यालं परत घेतोस? आईच्या अंगावरचं वस्त्र वडतोस?"

"वस्त्र न्हवं ह्ये," धाकूमामा ओरडला. त्याला ओरडताना मी तेवढंच ऐकलं. "मी तिच्या नरड्याला फास लावलाय! बघ की डोळं उघडून!"

मानकरी म्हणाला, "तुझा बा, तुझा आज्जा, समद्यांनी दिलं. त्ये चुकलं म्हन की मग."

"त्येंचं कुजत हुतं," धाकूमामा म्हणाला आणि रडू लागला.

मानकरी बाजूला झाला, पण हात कुणी लावला नाही. देवाला दिलेलं परत घ्यायची कुणाचीच छाती होईना. बापलेक दोघंच ओढत राहिले. आणि खरी गत पुढंच झाली. जाळी येईनात. आतली गाळात घट्ट, आणि वरची, जी कामातून गेल्यावरच सोडलेली, उन्हानं आधीच जळलेली, ती हात लावला की मोडायची. पापडासारखी. बोटांत निळा भुगा. जेवढं ओढावं तेवढा भुगा जास्त. वारा आला की तो चिखलावर पसरायचा. परसू म्हणाला, "बाबा, ऱ्हाऊ द्या. हात लावला की वाढतंय ह्ये." धाकूमामानं ऐकलं नाही. पंचा पसरून त्यावर भुगा वेचू लागला, तांदूळ निवडतात तसा.

तो रोज जात राहिला. मी परसूजवळ भाकरी पाठवायची. काही पोती त्यानं भरूनही आणली, ती अजून त्याच्या परसात ताडपत्रीखाली आहेत. मग घाटमाथ्यावर पाऊस झाला आणि पाणी चढायला लागलं. परसू मला बोलवायला आला, "अक्का, तुमचं ऐकत्यात, चला." मी गेले. धाकूमामा गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या चोहोबाजूंनी निळा भुगा वर येऊन तरंगत होता. तो पंच्यानं गाळत होता. मी त्याला आयुष्यात दिल्या नव्हत्या तेवढ्या शिव्या दिल्या. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं. "बाय, आज तुझ्या शिव्यांनी बी पोट भरंना," म्हणाला, आणि परसूचा हात धरून बाहेर आला.

नंतर त्यानं जाळं टाकलं नाही. परसू एकटा जायचा. पोट कुणाला चुकलंय?

मी त्याला शेवटचं बघितलं ते त्याच्या दारात. परसात अंबाडी लावली होती, ती कापून, कुजवून, सोलून वाख काढला होता, आणि मांडीवर वळून सूत करत होता. मांडी सोलवटली होती. विणून झालेला भाग खुंटीला टांगलेला, तपकिरी, ऐनाच्या सालीचा वास येणारा. मी विचारलं, "आता कुणासाठी रे हे?"

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "मी गेलो की माझ्यासंगं एक जाळं पोचवनारच ही मंडळी, ऐकनार न्हाईत. ते निळं नसावं. एवढं एकच असं जाऊ दे, की जे जाईल." मग हसला, जुनं, मागच्या दाराचं हसू. "आज कालवण न्हाई आणलंस व्हय?" मी म्हटलं, "पुढच्या खेपेला आणते." त्यानं कानावरची सुई काढली आणि मान खाली घातली.

पुढची खेप झाली नाही. जाळं निम्मं झालं होतं तेव्हा तो गेला.

सुतकात मी भेटायला गेले तर अंगणात परसू विणत बसलेला. खुंटीवरचं तेच जाळं त्याच्या मांडीवर होतं आणि तपकिरी भाग संपत होता तिथून पुढं निळा सुरू झाला होता. माझा तोल गेला. "परसू, अरे तुला बापानं काय सांगितलं होतं? तुझ्या डोळ्यांदेखत सगळं झालं ना रे?"

त्यानं वर बघितलं. डोळे सुजलेले. "अक्का, वाख वळायला मला येत न्हाई. बाबांनी कवा शिकिवलं न्हाई, लागलंच न्हाई. गावात बी कुणाला येत न्हाई. मानकरी म्हनत्यात, अर्धं जाळं पोचवत न्हाईत. अर्धं जाळं घिऊन गेलं तर तिथं आई त्यास्नी काय म्हनंल? इतकं विनलं त्यांनी समद्यांसाठी, आणि त्येंच्याच हातात अर्धं?" आणि हुंदका देऊन पुन्हा गाठ मारू लागला. गाठी बापासारख्याच होत्या, एकसारख्या, घट्ट.

बाराव्याला होडी पाण्यावर गेली. बायका काठावर राहिल्या, मला परसूनं होडीत घेतलं. मानकऱ्यानं गाऱ्हाणं घातलं, दगड, तांदूळ, नारळ, फुलं जाळ्यात बांधली. जाळ्याचं तोंड बांधायचं राहिलं होतं, ते परसूनं होडीतच बांधलं. त्यानं जाळं दोन्ही हातांवर घेतलं आणि हळूच सोडलं. दगडानं ते खाली नेलं, निळा भाग मागं रेंगाळत गेला. परसूच्या हातात सुई होती, तिला दोऱ्याचं टोक उरलं होतं. त्यानं ते दातानं तोडलं, "आई, घे गं," म्हणाला आणि पाण्यात थुंकलं.